हान घराण्याच्या सुना

महोदय,

श्रीमंत घराण्यातल्या बायकांच्या कोरियन मालिकांना सरसकट ‘सासू-सुनांचं रडगाणं’ म्हणून मोकळं होणं बरं नव्हे. ‘टीव्हीएन’ वाहिनीची ‘माइन’ (२०२१, एकूण १६ भाग) घ्या. सुरुवातीलाच मृत्यू, मग कथा मागे जाते. हा धागा निसटला की पुढे गोंधळ ठरलेला. दुसरी अडचण आडनावांची. घराणं हान, सुना मात्र जंग सो-ह्यन आणि सो ही-सू! कोरियात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. मुलं सहसा वडिलांचं लावतात. घराचं कायदेशीर प्रमुखपद आधी पुरुषाला देणारी ‘होजू’ पद्धत तिथे २००८ मध्ये संपली. हान कुटुंबात मात्र सगळं अजून वारसाभोवतीच फिरतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. पुरवणीत अशा मालिकेची ओळख देताना शेजारी छोटी वंशावळ छापाच.

– एक प्रेक्षक, ठाणे