शाळेच्या वाटेबद्दल: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

परदेशातल्या शाळांचे गोडवे गाणारी पत्रं तुमच्याकडे ढिगाने येत असतील. हे त्यातलं नाही. माझ्या मुलाची पहिली-दुसरी जर्मनीत, बव्हेरिया राज्यातल्या म्युनिकला झाली, तिसरीपासून तो पुण्यात शिकतोय, आणि अभ्यासात इथली तिसरी मला कुठेही कमी वाटली नाही. गणितात तर ती पुढेच आहे. उलट बव्हेरियात चौथीच्या पोरांचे जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासाचे गुण बघतात, सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असली (तिथे 1 म्हणजे सर्वोत्तम) तरच गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, थेट जाता येतं. दहा वर्षांच्या मुलांना अशी चाळणी लावणं मला आजही निर्दयपणाचं वाटतं. आपली दहावी निदान दहावीत तरी येते.

मला बोलायचंय ते शाळेच्या वाटेबद्दल.

बव्हेरियात घरचा पत्ता ठरला की सरकारी प्राथमिक शाळा ठरली. दुसरीकडे घालायचं तर कारण देऊन अर्ज करावा लागतो. त्यामुळे एका वस्तीतली डॉक्टरची, बसचालकाची, नुकतीच देशात आलेल्या कुटुंबाची मुलं एकाच बाकावर येतात. शाळा पायी जाण्याइतकी जवळ असते, म्हणून पहिलीतली पोरंसुद्धा थोड्याच दिवसांत घोळक्याने, आपली आपली जायला लागतात. आईबाप धाडसी असतात म्हणून हे घडत नाही. शाळेच्या वाटेचा नकाशाच पालकांच्या हातात मिळतो: कुठल्या बाजूने चालायचं, रस्ता कुठे ओलांडायचा. वाहत्या चौकात स्वयंसेवक पालक, आजी-आजोबा थांबा-फलक घेऊन उभे राहतात. शाळेसमोर बहुतेक ठिकाणी ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असते आणि लोक ती पाळतात. चौथीत तर पोलीस येऊन रहदारीत सायकल चालवायला शिकवतात, परीक्षाही घेतात.

पुण्यात माझा मुलगा व्हॅनने जातो. व्हॅनवाले काका भले आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण वाटेत महापालिकेच्या शाळा लागतात आणि आमच्या सोसायटीतलं एकही मूल तिथे उतरत नाही. शेजारच्या वस्तीतली मुलं तिथे जातात, तीही कशी? फूटपाथवर टपरी, विजेचा डबा, लावलेल्या दुचाक्या, म्हणून रस्त्यावरून. आमच्या पोराला वस्तीतल्या एकाही मुलाचं नाव माहीत नाही, आणि त्यांना त्याचं.

शाळा जवळ असावी हे तत्त्व आपल्याकडे नाही असं नाही. राज्याच्या शिक्षणहक्क नियमांत पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत हवी, असं लिहिलंय. गंमत बघा, या एका किलोमीटरचा वापर 2024 साली शासनाने कशासाठी केला? जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट देण्यासाठी. उच्च न्यायालयाने जुलैत ती तरतूद रद्द केली, बरं झालं. त्याच वर्षी चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवा असा निर्णय झाला. मुलांची झोप व्हावी हा हेतू चांगलाच, पण व्हॅन तीन-तीन शाळांच्या फेऱ्या करत असेल तर काहींना लवकर उठावं लागतंच. शाळा कोपऱ्यावर असती तर झोपेसाठी शासननिर्णय कशाला लागला असता?

खेड्यात प्रश्न आणखी कठीण आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार 2023 मध्ये पुढे आला. दहा मुलांच्या शाळेत सोबत कमी, शिक्षक कमी, हे मला मान्य आहे. पण पाड्यावरून ओढा ओलांडून जाणाऱ्या सातवीतल्या मुलीचं अंतर कागदावर मोजून चालणार नाही. बस पावसाळ्यात आली नाही की पहिली तीच घरी बसते.

तेव्हा मागणी अशी. कुठलीही जिल्हा परिषद शाळा बंद करण्यापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी नव्या शाळेपर्यंतची वाट जुलै महिन्यात, मुलांसोबत पायी चालून बघावी आणि अहवाल ग्रामसभेत वाचावा. शहरात प्रत्येक प्राथमिक शाळेने महापालिका आणि वाहतूक पोलिसांसोबत आपल्या वाटेचा नकाशा करावा आणि त्यातले अडथळे हटवण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर टाकावी. सुरुवात पुण्यातल्या महापालिका शाळांपासून करता येईल. चौकात फलक धरून उभं राहायला आम्ही पालक तयार आहोत.

आपली,
एक पालक, पुणे