वारा पाठीशी असला की

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला लागले की तू "माहितेय गं आई" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहून पाठवते. निदान सॅक भरताना तरी वाचशील.

फुगवायच्या होड्या पाठीवर घेऊन डोंगर चढायचा, तिन्ही तळी करायची, दोन रात्री वरच काढायच्या. बेत झकास आहे आणि मला चक्क हेवा वाटतोय. तू पाठवलेला नकाशा मी पाहिला. तळी नखाएवढी दिसतात, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. मोठ्या जलाशयाला माणूस वचकून असतो. एवढ्याशा तळ्यात काय व्हायचंय, असं म्हणून तो लाइफ जॅकेट काढून बुडाखाली घेतो.

तू बालवाडीत होतास तेव्हाची गोष्ट. तुला आजीकडे ठेवून मी आणि बाबा अशाच एका तळ्यावर गेलो होतो. चारी बाजूंना उघडे डोंगर, झाड म्हणून नाही. अकराच्या सुमारास पलीकडच्या काठाकडे निघालो. चार वल्ही मारली की होडी अशी सुटायची की बाबा म्हणाले, "जमतंय की आपल्याला!" जमत कसलं होतं! वारा पाठीशी होता, आणि वारा पाठीशी असला की तो जाणवतच नाही. परतीला होडी वळवली आणि तो तोंडावर आला. काठावरचा एक पांढरा खडक मी खुणेला धरला होता. खांदे भरून येईपर्यंत वल्हवलं, मान वळवून पाहिलं, तर खडक जिथल्या तिथे.

असल्या मुलखात हे रोजचंच असतं. उघडी उतरण उन्हानं लवकर तापते, तिथली हवा वर चढते आणि तिच्या जागी खोऱ्यातून वारा वर येतो. सकाळ सरता सरता सुरू होतो, दुपारी जोर धरतो, ऊन उतरलं की पडतो. रात्री उलट, डोंगरावरून खाली. तेव्हा पाण्यात उतरायचं ते उजाडताना, आणि वारा असेल तर आधी त्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर तोच घरी आणतो. तुमच्या होड्या तर वजनाला काहीच नाहीत. काठाला लागल्यावर आधी होडी बांधा, मग फोटो काढा.

आम्ही शेवटी होडी ओढून काठावर घेतली आणि चालत निघालो. नकाशावर दोन किलोमीटर. पण प्रत्येक घळीशी काठ आत वळतो, तिच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा बाहेर यायचं. त्यात पाणी उतरलेलं, म्हणजे नकाशातला काठ वर राहिलेला आणि आम्ही खालच्या गाळावर. वरून भेगाळलेला, टणक वाटणारा. चौथ्या पावलाला माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, बूट आतच राहिला. कोपरापर्यंत हात घालून तो चाचपून काढला. आत गाळ थंडगार होता आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारत होता. तेव्हापासून ओल्या गाळाला लागून मी चालत नाही. वरच्या मुरमावरून, वळसा पडला तरी चालेल.

चालण्याचा हिशोब मी नाइस्मिथचा धरते. या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली सांगितलेला ठोकताळा आहे: दर ५ किलोमीटरला १ तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. तो मोकळ्या अंगानं चालणाऱ्यासाठी. तुमच्या पाठीवर होडी आणि पायाखाली घसारा, तेव्हा दीडपट धरा.

हवा तापली म्हणजे पाणीही कोमट असेल, असं समजू नकोस. वरचा हातभर थर ऊबदार लागतो, त्याखाली एकदम गार. पाणी १५ अंशांच्या खाली असेल आणि अचानक आत पडलास, तर पहिल्याच मिनिटात छाती आपोआप मोठा श्वास ओढते. तेवढ्यात तोंड पाण्याखाली असेल, तर पोहता येऊन उपयोग नाही. लाइफ जॅकेट त्या एका मिनिटासाठी. अंगात घालायचं, पट्टे आवळून. यावर वाद नको.

प्यायचं पाणी जमेल तेवढं खालूनच न्या. १ लिटर म्हणजे १ किलो, वजनाला नाक मुरडशील, माहीत आहे. पण ज्या तळ्यातून पाणी बाहेर वाहत नाही, नुसतं उन्हानं आटतं, तिथं क्षार साचत जातात. काठावर पांढरी खपली दिसली की ओळखायचं. आणि पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय असेल, तर ते उकळूनही पिऊ नका. त्यातलं विष उकळून जात नाही.

कोरड्या ओढ्यात तंबू ठोकायचा नाही. वाळू मऊ असते, मोह होतो. पाऊस दूरच्या डोंगरावर पडतो आणि लोंढा रात्री तुमच्या उशाशी येतो.

एका तळ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी होडी पुसून पूर्ण वाळवा. याला मात्र तुम्ही सगळे कंटाळणार. अमेरिकेतल्या लेक मीडमध्ये २००७ साली क्वागा नावाचे परके शिंपले सापडले. असले जीव एका पाण्यातून दुसऱ्यात जातात ते बरेचदा होड्यांवर बसून, आणि एकदा घुसले की निघत नाहीत.

तुझं जुनं जॅकेट आता तुला आखूड होणार, माझं घेऊन जा. डाव्या खिशात शिट्टी आहे, दोरीला बांधलेली. खालचा पट्टा जरा सरकतो, त्याला मी गाठ मारून ठेवली आहे, सोडू नकोस. खाली उतरलात आणि रेंज आली की आधी मला फोन, मग बाकीच्यांना.

तुझी,
आई