मास्तर ग्लीसनची अर्धीच गोष्ट

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आयरिश सिनेनट ब्रेंडन ग्लीसनवरचा लेख वाचला, फोटो झकास निवडलाय पण लेख सुरू होतो तोच 'ब्रेव्हहार्ट' सिनेमापासून म्हणजे १९९५ पासून, तेव्हा हा माणूस चाळीस वर्षांचा होता हो, त्याआधी तो काय करत होता ते काहीच नाही.

मास्तर होता तो. जन्म आयर्लंडच्या राजधानीतला, डब्लिनचा, १९५५ चा, शाळेत इंग्लिश आणि आयरिश शिकवायचा आणि नोकरी सांभाळून नाटकं करायचा. ती पण पॅशन मशीनची. पॉल मर्सियरने १९८४ ला काढलेली डब्लिनची ही नाटक कंपनी, उत्तर डब्लिनच्या कामगार वस्त्यांतली माणसं जशी बोलतात, भांडतात तशीच स्टेजवर दिसली पाहिजेत हा यांचा हट्ट. गंमत म्हणजे मर्सियर पण मास्तर आणि यांच्यासाठी 'ब्राउनब्रेड' लिहिणारा रॉडी डॉइल पण तेव्हा मास्तरच, पुढे १९९३ ला त्याला बुकर मिळालं. म्हणजे अख्खी स्टाफरूमच नाटकात! ग्लीसनने तिथे नुसती कामं नाही केली, 'द बर्डटेबल' आणि 'ब्रेकिंग अप' ही दोन नाटकं स्वतः लिहून बसवली सुद्धा. लेखात यातलं एक अक्षर नाही, आणि माझ्या मते खरा ग्लीसन इथेच तयार झाला, त्याचं ते सहज, घरातल्यासारखं बोलणं हॉलिवूडच्या कुठल्या वर्कशॉपमधून आलेलं नाहीये.

१९९१ ला पस्तिशी उलटल्यावर, पदरात पोरं असताना पक्की नोकरी सोडली. धाडसच म्हणायचं. त्याच साली 'द ट्रीटी' या टीव्ही फिल्ममध्ये तो मायकल कॉलिन्स झाला, तोच कॉलिन्स जो आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांशी लढला आणि त्यांच्याशी झालेल्या १९२१ च्या तहावर ज्याने सही केली, आणि तुमच्या लेखात ग्लीसनला चक्क 'ब्रिटिश अभिनेता' म्हटलंय! कमाल आहे.

'द जनरल' या सिनेमाचा (१९९८) उल्लेख आहे ते बरं झालं. त्यात तो मार्टिन केहिल हा डब्लिनचा खराखुरा दरोडेखोर झालाय आणि या केहिलने डायरेक्टर जॉन बूरमनच्याच घरी चोरी केली होती, एवढा मसाला हाताशी असून लेखकाने सोडून कसा दिला कळत नाही.

आणि नाटक त्याने सोडलं असं लेख वाचून वाटतं, तसं पण नाही. २०१५ ला डब्लिनच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये डोनल आणि ब्रायन या आपल्या दोन मुलांसोबत 'द वॉलवर्थ फार्स' केलं, बाप आणि दोन पोरांचंच नाटक ते. 'बॅनशीज ऑफ इनिशेरिन' या सिनेमातलं फिडल (म्हणजे व्हायोलिनच) पण तो स्वतःच वाजवतो, धून पण त्याचीच.

जागेची अडचण असते, समजू शकतो, पण निदान ते 'ब्रिटिश' तेवढं दुरुस्त करून छापा.

आपला,
एक नाटकवेडा वाचक