आई-बाबा, मी ट्युबिंगनची नागरिक होते आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मुद्द्याचं आधी सांगते. मी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे. परीक्षा झाली, २५५ युरो फी भरली, कागद कचेरीत पोचले. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, बाबांनी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला असता आणि बाकीचं सगळं राहूनच गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा, आणि चष्मा लावून वाचा.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न जमिनीचा असणार. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं मान्य केली, पण आपला कायदा मानत नाही. इथलं मिळालं की तिथलं आपोआप जातं. मग जुना पासपोर्ट म्युनिकच्या आपल्या वकिलातीत जमा करायचा, तसा दाखला घ्यायचा आणि त्यावर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत सरकार देतं ते) काढायचं. ते आयुष्यभर चालतं. व्हिसा लागत नाही, कितीही महिने घरी राहिले तरी पोलिसांत नोंद करावी लागत नाही. मतदान आणि सरकारी नोकरी मात्र गेली. शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने येते ती येतेच. तेव्हा सातबाऱ्यावरून जिवाला घोर लावून घेऊ नका, आणि तात्यांनी केलं तसं घाईघाईत कुणाच्या नावावर काही करू नका. पासपोर्ट जमा झाल्यापासून कार्ड हातात येईपर्यंत मला व्हिसा काढूनच यावं लागेल, एवढीच काय ती मधली अडचण. तुमच्या तब्येतीचं काही निघालं तर तसाही मार्ग आहे, तो मी शोधून ठेवला आहे.

आता हे केलं का? पगार, पेन्शन, पासपोर्टची सोय ही कारणं आहेतच, ती लपवत नाही. पण खरं कारण हे गाव, म्हणजे ट्युबिंगन आहे. ज्या गावाचं पाणी प्यायचं, ज्याला कर द्यायचा, त्याच्या कारभारात आपलं मत हवं, हे मी तुमच्याकडूनच घेतलं आहे. युरोपीय संघातल्या माणसांना इथे स्थानिक निवडणुकीत मत आहे, आपल्याला नागरिक झाल्याशिवाय नाही.

बाबा, सोसायटीच्या निवडणुकीची यादी लाल पेनाने तपासणारे तुम्ही, तुम्हाला इथली पद्धत आवडेल. नगर परिषदेत ४० जागा, म्हणून प्रत्येक मतदाराला ४० मतं. एका उमेदवाराला जास्तीत जास्त ३ देता येतात, आणि वेगवेगळ्या पक्षांच्या यादीतली माणसं मिसळताही येतात. मतपत्रिका आधीच घरी येतात, जेवणाच्या टेबलावर पसरून शांतपणे भरायच्या. बेरीज ४० च्या खाली राहिली तरी चालतं, वर गेली की मत बाद. लोक तिथेच फसतात, म्हणून कॅल्क्युलेटर जवळ ठेवायचा. सोळा वर्षांच्या मुलांनाही मत आहे. परिषद ५ वर्षांची, आणि महापौर लोकांनी थेट निवडलेला, ८ वर्षांसाठी. परिषदेची पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे, तोवर मी यादीत असेन.

आणि मताला इथे वजन आहे. १ जानेवारी २०२२ पासून या नगरपालिकेने खाणं-पिणं बांधून देण्याच्या फेकाऊ पेल्यावर आणि डब्यावर ५० सेंट, काट्या-चमच्यावर २० सेंट कर लावला, तो दुकानदाराकडून घेतात. बर्गरचं दुकान चालवणाऱ्या एकाने दावा लावला. मानहाइमच्या कोर्टात नगरपालिका हरली, २०२३ मध्ये वरच्या कोर्टात बहुतेक सगळं जिंकली, आणि जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या घटना न्यायालयाने कर कायम केला. एवढंसं गाव, नव्वद हजारांच्या आसपास वस्ती आणि त्यातही चौथाईहून जास्त विद्यार्थी, पण निर्णय घेतला तो शेवटपर्यंत लढवला. मला याचा फार अभिमान वाटतो.

स्टुटगार्टहून दक्षिणेला रेल्वेने तासाभराच्या आत गाव येतं. (स्टुटगार्ट म्हणजे मुंबईचं १९६८ पासूनचं भगिनी-शहर.) उत्तरेला शोनबुखचं जंगल, दक्षिणेला श्वाबियन आल्बचा डोंगर, मधून नेकार नदी. जुनं गाव नेकार आणि आमर या दोन नद्यांच्या मधल्या चढावर आहे, म्हणून तिथली प्रत्येक गल्ली एक तर चढते नाही तर उतरते, आणि खाली सगळा दगडी फरस. बाबांच्या गुडघ्याला ते सोसणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच घर दक्षिणेच्या सपाट भागात घेतलं आहे. हा भाग १९९१ पर्यंत फ्रेंच सैन्याची छावणी होता. सैन्य गेल्यावर नगरपालिकेने जमीन घेतली आणि मोठ्या बिल्डरऐवजी एकत्र येऊन घर बांधणाऱ्या कुटुंबांच्या गटांना तुकडे दिले. तळमजल्यावर दुकानं, कामाच्या जागा, वर राहती घरं, गाड्या कडेच्या सामायिक गॅरेजमध्ये. त्यामुळे अंगणात मुलं खेळतात. आईला बाल्कनीतून बघायला माणसं हवी असतात, ती इथे आहेत.

बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवारी टाउन हॉलसमोर भरतो. ती इमारत १४३५ ची, आणि तिच्या माथ्यावरचं घड्याळ १५११ चं. योहानेस श्टोफलर या इथल्याच गणिताच्या प्राध्यापकाने केलेलं ते घड्याळ वेळेबरोबर चंद्राच्या कलाही दाखवतं. बाबांना मी त्याच्यासमोर बाकावर बसवणार आहे, हवा तेवढा वेळ. विद्यापीठ १४७७ चं. आणि १५१४ साली याच गावात इथल्या प्रांताचा राज्यकर्ता ड्यूक उलरिश याने तह केला: त्याचं कर्ज प्रजेच्या प्रतिनिधींनी फेडायचं, बदल्यात कर आणि युद्ध यांना त्यांची संमती लागणार, आणि कुणालाही प्रांत सोडून जायची मोकळीक. पाचशे वर्षांपूर्वी! मात्र त्याच वर्षी शेतकऱ्यांचं बंडही चिरडलं गेलं, तेही सांगायला हवं. तसंच गार्टनश्ट्रास या रस्त्यावरचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळलं, त्या जागी आता स्मारक आहे. गाव ते झाकत नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला.

आई, तू दहावीच्या पोरांना पेशी शिकवताना फळ्यावर जे केंद्रक काढायचीस, त्यातलं डीएनए पहिल्यांदा वेगळं काढलं ते या गावच्या किल्ल्यात, १८६९ मध्ये. फ्रीडरिश मीशर नावाच्या तरुण डॉक्टरने, किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या प्रयोगशाळेत, दवाखान्यातून आणलेल्या पट्ट्यांवरच्या पुवातून. ती खोली बघायला मिळते. किल्ल्याचा चढ मी तुला हात धरून चढवेन, तू मला मेढ्याच्या रस्त्याने चढवायचीस तसं.

माझी काळजी करू नकोस. खाणं नीट आहे, डाळ-तांदूळ मिळतात, कढीपत्त्यासाठी स्टुटगार्टला जाते. डिसेंबरात सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो, ते जड जातं खरं. पण घर ऊबदार आहे. फक्त हवा खेळवायला शिकावं लागतं: फोडणी झाली, आंघोळ झाली की हीटर बंद करून खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि परत घट्ट लावायच्या. खिडकी दिवसभर थोडी तिरकी ठेवली की भिंत गार पडते, वाफ तिच्यावर बसते आणि कपाटामागे बुरशी धरते. तुम्ही आलात की आई ‘थोडी फट असू दे’ म्हणणार. नाही म्हणजे नाही. रात्री-अपरात्री डॉक्टरसाठी ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. दोन्ही नंबर मी फ्रिजवर लावून ठेवले आहेत. विद्यापीठाचं मोठं हॉस्पिटल गावातच आहे.

आता ऐका. जूनमध्ये यायचं, तेव्हा रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो. व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. तुमच्या खर्चाची हमी देणारं माझं जामीनपत्र मी इथल्या कचेरीतून काढून मूळ प्रत कुरिअरने पाठवते, झेरॉक्स चालत नाही. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना बाबांचं बी.पी. आणि आईची शुगर लपवायची नाही, लपवलं की ऐन वेळी दावा नाकारतात. नेहमीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घ्या, त्याहून जास्त नकोत. मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत, आणि डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून घ्या. इथे चिठ्ठीशिवाय त्या मिळत नाहीत आणि आपल्याकडची चिठ्ठी चालत नाही. बाबा, काठीचं रबर झिजलंय, ते बदला. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नका, मार्चच्या आत उरकून टाका, म्हणजे प्रवासाआधी डोळ्याला विश्रांती मिळेल. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असायला हवा. आईच्या पासपोर्टची मुदत आजच बघा आणि मला फोटो पाठवा. व्हिसाचा फॉर्म शेजारच्या सायबर कॅफेत भरू नका, मी रविवारी फोनवर बसून भरून देते.

रागावला असाल तर रागवा, पण जेवण टाळू नका.

तुमची,
मनू