‘आज किती निघालं?’ हे विचारू नकोस

नाशिक, गंगापूर रोड

चि. राजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही, सूनबाई शेजारीच असते. म्हणून लिहिते आहे. पुण्याहून रोज रात्री तुझा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, “आज पंपाने किती दूध निघालं?” तो बंद कर. तुला काळजी आहे हे मला कळतं रे. पण तिने आकडा सांगितला की तू नुसतं “बरं” म्हणतोस, आणि तिचा चेहरा उतरतो. मन असं धास्तावलेलं असलं की पान्हा फुटायला वेळ लागतो. दूध आत असूनही उतरत नाही.

शिवाय पंपात आलं तेवढंच अंगावर दूध, असं नसतं. नीट पकडलेलं बाळ यंत्रापेक्षा चांगलं ओढतं. छकुलीला पुरतंय का, हे तिच्या वजनावरून आणि ओल्या लंगोटांवरून बघायचं. दिवस-रात्र मिळून निदान सहा ओले व्हायला हवेत.

सूनबाईच्या तापात छकुली वरच्या दुधावर राहिली. दूध जेवढं बाहेर निघेल तेवढं नवं बनतं, साचून राहिलं की बनणं मंदावतं. मधल्या काळात ते निघालंच नाही, म्हणून कमी झालं. “हिला दूधच नाही” म्हणणाऱ्या आत्याबाईंनाही मी हेच ऐकवलं. नीट आणि वारंवार निघू लागलं की बहुतेकींचं पुन्हा वाढतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

सध्या चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं चालू आहे, आणि पाजून झालं की थोडा वेळ पंप. रात्रीचं चुकवू देत नाही, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. आज पहाटे छकुलीने दोन-चार घोट घेतले आणि धार मंदावताच तोंड सोडून लालबुंद होऊन रडायला लागली. बाटलीतून फारसं न ओढताही येतं ना, त्याची सवय लागली आहे. सूनबाईने स्तन हलकेच दाबून धरला, धार आली, तशी पोरीने पुन्हा पकडलं. मग हनुवटी खाली जायची, क्षणभर थांबायची आणि घोट ऐकू यायचा. मी दिवासुद्धा लावला नाही.

बाटली आता बाजूला ठेवली आहे. जे वरचं द्यावं लागतं ते तुझ्याच चांदीच्या बोंडल्याने देते, दर वेळी उकळून. सराफ बाजारातून तुझ्या आजोबांनी आणलेलं ते. पावडरचं दूध एकदम तोडायचं नाही. डॉक्टर वजन बघून सांगतील तसंच कमी करायचं. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू मी मायेने करते आणि तिला ताकदही हवीच, पण लाडवांच्या भरवशावर पाजणं कमी करून चालणार नाही. दूध वाढवायच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस, कुणी मित्राने सांगितलं तरी.

तिच्या कंपनीचंही तिच्या मनात घोळतं आहे. पहिल्या बाळंतपणाला कायद्याने 26 आठवड्यांची रजा आहे, आणि रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुटी मिळते. हे तू तिला सांग, तुझ्या तोंडून ऐकलं की तिला धीर येईल.

शनिवारी आलास की रात्री तू उठायचं. लंगोट बदलणं, ढेकर काढणं, पंपाचे भाग धुऊन उकळणं हे तुझं काम. पाजणं तेवढं तिचं. दुपारी तासभर पोरीला छातीशी घेऊन बस, म्हणजे सूनबाई झोपेल. तिला झोप फार कमी मिळते आहे.

आणि पंपाची रबरी झडप सैल झाली आहे, त्यामुळे ओढ कमी पडते. त्याच मापाच्या दोन नव्या येताना घेऊन ये.

तुझी,
आई