रविवारी बिनआवाजाच्या कामांना मुभा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत पहिले घर घेणाऱ्या नोकरदाराने घराची किंमत, मुद्रांक शुल्क आणि कर्जाचा हप्ता यांचे गणित अनेकदा मांडून पाहिलेले असते. घराची किल्ली हातात आल्यापासून प्रत्यक्ष राहायला जाईपर्यंतच्या काळाचे गणित मात्र कोणी फारसे मांडत नाही. या काळात माणूस दोन घरांचा खर्च उचलतो, नोकरी सांभाळतो, मुलांची शाळा आणि वडीलधाऱ्यांची औषधे पाहतो आणि त्यातून उरलेल्या वेळात गवंडी, प्लंबर, वायरमन, सुतार व रंगारी यांच्यामागे धावतो. आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो, कुर्ल्यात भाड्याने राहतो आणि मुलुंडला एका जुन्या इमारतीत घेतलेल्या पुनर्विक्रीच्या घराचे काम सध्या करून घेत आहोत. त्या अनुभवावरून गृहनिर्माण सोसायट्यांच्या एका नियमाविषयी लिहावेसे वाटले. तो नियम म्हणजे रविवारी आणि सुटीच्या दिवशी घरातील सर्वच कामांवर असलेली सरसकट बंदी.

या बंदीची किंमत पैशात मोजता येते. पुनर्विक्रीच्या घरासाठी बँक कर्जाची रक्कम सहसा एकदम देते, त्यामुळे बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील घरासारखी केवळ व्याज भरण्याची सवलत न मिळता लगेचच पूर्ण हप्ता सुरू होतो. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या ६० लाखांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ५२ हजार रुपये होतो. मुंबईत खरेदीखतावर सहा टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजारांपर्यंत नोंदणी शुल्क आधीच भरलेले असते आणि ते बहुधा साठवलेल्या पैशांतूनच गेलेले असते. त्यात राहत्या घराचे भाडे चालूच असते. अकरा महिन्यांचा करार मध्येच संपला, तर आणखी दोन महिन्यांसाठी तो वाढवून द्यायला घरमालक नाखूश असतात. वाढवून दिला तरी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार त्याची पुन्हा नोंदणी आलीच. म्हणजे काम महिनाभर लांबले की एक भाडे आणि एक हप्ता असा दुहेरी भुर्दंड बसतो, आणि हे पैसे ना भिंतीत जातात, ना लादीत.

आता कामाच्या दिवसाकडे पाहू. आमच्या सोसायटीत सकाळी दहा ते सायंकाळी सहा काम करता येते आणि दुपारी दोन ते चार ठोकठाक बंद ठेवावी लागते. परिचितांच्या सोसायट्यांतही थोड्याफार फरकाने हेच वेळापत्रक आहे. नालासोपारा, दिवा, मुंब्रा अशा ठिकाणांहून लोकलने आलेले कारागीर दहा वाजता फाटकावरच्या वहीत नाव लिहितात, हत्यारे काढून कामाला लागेपर्यंत साडेदहा वाजतात, आणि राडारोडा गोण्यांत भरून जिना झाडून द्यायचा असल्याने साडेपाचलाच आवराआवर सुरू होते. हजेरी मात्र पूर्ण दिवसाची द्यावी लागते, आणि ती द्यायलाच हवी, कारण त्यांचा दिवस पहाटेच सुरू झालेला असतो. माझे कार्यालय फोर्टमध्ये आहे आणि त्याची वेळही दहा ते सहाच आहे. म्हणजे ज्या वेळात माझ्या घरात काम चालते, नेमक्या त्याच वेळात मी तिथे असू शकत नाही.

दूरध्वनीवरून काम करून घेता येते, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा न्हाणीघराची लादी बसवून पाहावी. पाणी जाळीकडे वाहून जाईल इतका उतार लादीला हवा, पण पाय घसरेल इतका नको. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या छायाचित्रात हा उतार दिसत नाही. तांब्याभर पाणी ओतून ते कोणत्या कोपऱ्यात थबकते हे स्वतः पाहावे लागते, आणि तेही लादीखालचा मसाला घट्ट होण्यापूर्वी. गिझरचा पॉइंट कुठे काढायचा, ओट्याची उंची किती ठेवायची, सासूबाईंना पलंगावरून हात पोहोचेल असे बटण कोणत्या भिंतीवर हवे, हे निर्णय भिंतीत झिरी मारण्याआधी जागेवर उभे राहून घ्यायचे असतात. भिंत बंद झाल्यावर बदल करायचा म्हणजे पुन्हा फोडाफोड, पुन्हा आवाज आणि पुन्हा शेजाऱ्यांची तक्रार. (जाता जाता नोंदवते की, कामावर कोणी जाऊ शकले तर ते बहुतेक वेळा मीच असूनही आमचे कंत्राटदार रंगाच्या छटेपुरते मला विचारतात आणि पैशाचा विषय निघाला की ‘साहेब कधी येतील?’ असे विचारतात. घराच्या कर्जावर पहिली सही माझी आहे.)

काही कामे तर कारागीर निघून गेल्यावर सुरू होतात. सिमेंटच्या नव्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावे लागते. ते मारले नाही तर भिंतीला बारीक तडे जातात आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांतून ओल धरते. कारागीर संध्याकाळी सहाला जातात ते दुसऱ्या दिवशी दहालाच येतात, आणि सोसायटीचे पाणी तर पहाटे येते. म्हणून माझे पती सकाळी लवकरची गाडी पकडून मुलुंडला जातात, पिंप भरतात, भिंती खालपासून वरपर्यंत भिजवतात आणि मग फोर्टकडे जाणाऱ्या गर्दीच्या गाडीत शिरतात. संध्याकाळी तेच काम माझ्याकडे असते. विजेचे सामान आणायला मला निदान लोहार चाळ कार्यालयापासून जवळ पडते, म्हणून जेवणाच्या सुटीत तिथे जाऊन येता येते.

उरतो तो रविवार. आम्ही दोघेही मोकळे असतो, मुलांना आजीकडे ठेवता येते, आणि मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला तरी रखडत का होईना, मुलुंडला पोहोचता येते. पण त्या दिवशी फाटकावरून कारागिराला परत पाठवले जाते. हातोडा घेऊन आलेला गवंडी परत गेला तर माझी काहीच तक्रार नाही. पण ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन आलेला रंगारीही परत जातो, दरवाजाला पॉलिश करणाराही परत जातो, आणि नुसते पडद्याचे माप घ्यायला आलेला माणूसदेखील वहीत नाव न लिहिता माघारी जातो. पहारेकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण त्याला ‘रविवारी काम बंद’ एवढेच सांगितलेले असते.

सोसायट्यांची बाजू मला कळत नाही असे नाही. किंबहुना इथून पुढे मीही त्याच सोसायटीची सभासद आहे. वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू असताना खाली आजारी माणूस पडून असेल, किंवा दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या असतील, तर आठवड्यातून एक दिवस शांत असावा हे रास्तच आहे. परवानगीचा नियमही केवळ कागदी नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातील चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांनुसार) सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, ती योग्यच आहे. भिंत पाडायची असेल, तर अभियंत्याचा अहवाल आल्याशिवाय कोणत्याही समितीने होकार देऊ नये असे माझे मत आहे, मग त्यासाठी काम थांबले तरी चालेल.

प्रश्न आहे तो नियमाने कशाला आळा घालायचा याचा. शेजाऱ्यांना त्रास होतो तो आवाजाचा, धुळीचा आणि लिफ्ट अडवणाऱ्या गोण्यांचा. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांचा रोख आवाजावरच आहे: निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा त्यांत घातलेली आहे, आणि आवाज करणारी बांधकामाची यंत्रे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात निवासी भागात वापरण्यास मनाई आहे. सोसायट्यांनी दिवसाच्या वेळेवर आणखी बंधने घातली ती सभासदांच्या सोयीसाठी, आणि तो त्यांचा अधिकार आहे. परंतु ब्रशने रंग लावणे, पॉलिश करणे, नळीतून वायर ओढणे, नळ बसवणे, लादीच्या फटी भरणे, साफसफाई करणे या कामांचा आवाज शेजारच्या घरातील दूरचित्रवाणीच्या आवाजापेक्षाही कमी असतो. त्यांना फोडाफोडीच्या कामांबरोबर एकाच दावणीला बांधण्याचे कारण दिसत नाही.

याचा एक ठळक दाखला गळतीच्या चाचणीचा आहे. न्हाणीघराची जुनी लादी काढून विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि गळतीरोधक थर दिल्यानंतर तिथे निदान दिवसभर पाणी साठवून ठेवतात आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का ते पाहतात. ही चाचणी नीट झाली नाही, तर पुढची अनेक वर्षे दोन कुटुंबांत गळतीवरून पत्रव्यवहार चालतो, आणि मुंबईतल्या सोसायट्यांमधील भांडणांचे हे फार जुने कारण आहे. आता ही तपासणी करायची तर आम्ही घरी हवेत, खालचे शेजारी घरी हवेत आणि काम करणारा प्लंबरही हजर हवा. आमच्या खाली राहणारे गृहस्थ कुलाब्याला नोकरीला जातात. त्यांनाही रविवारच सोयीचा. साठलेले पाणी पाहण्यात कसला आवाज? तरीही प्लंबरला रविवारी वर सोडण्यासाठी मला सचिवांना दोन वेळा विनंती करावी लागली. त्यांनी अखेर परवानगी दिली याबद्दल त्यांची आभारी आहे, पण हे एखाद्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहू नये.

अनामत रकमेविषयीही थोडे लिहिते. काम सुरू करण्यापूर्वी सोसायट्या जी अनामत घेतात ती किती असावी आणि कधी परत करावी, हे जो तो आपापल्या पद्धतीने ठरवतो. लिफ्टची नासधूस किंवा जिन्यात टाकून दिलेला राडारोडा यांसाठी अनामत हवीच. चारशे चौरस फुटांची जुनी लादी तिच्याखालच्या मसाल्यासह उखडली, तर तीन-चार टन माल सहज निघतो, आणि तो रात्रीच्या वेळी नाल्याच्या काठी ओतून देणारे टेम्पोवाले शहरात कमी नाहीत. महापालिकेची राडारोडा उचलून नेण्याची सेवा आहे. ती वापरल्याची पावती दाखवणाऱ्याला काम संपल्यावर पंधरा दिवसांत अनामत परत मिळावी, अशी अट सोसायट्यांनी घातली तर दोन्ही कामे साधतील. नव्या घरात सामान हलवताना हाती पैसा नसतो, आणि नेमक्या त्याच वेळी ही रक्कम समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत अडकून पडते.

कारागिरांचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. अनेक इमारतींत सिमेंटची गोणी लिफ्टने नेण्यास मनाई असते, ते एक वेळ समजू शकते. पण गोणी खाली ठेवून रिकाम्या हाताने वर जाणाऱ्या माणसालाही जिनाच चढायला लावतात, हे मला समजत नाही. आमच्या घरात जुने शौचालय काढल्यावर नवे बसेपर्यंत मजुरांनी कुठे जायचे, याचा विचार कोणीच केलेला नव्हता. तळमजल्यावरील शौचालय पहारेकऱ्यांसाठीच आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. जवळचे सार्वजनिक शौचालय स्थानकाजवळ आहे. कामाच्या परवानगीच्या अर्जात मजुरांची नावे आणि ओळखपत्रांच्या प्रती मागितल्या जातात, त्याच अर्जात ही सोय कुठे असेल याचाही एक रकाना असावा.

२०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले, ते या संस्थांचे प्रश्न वेगळे आहेत हे मान्य करूनच. सहकार विभागाने घराच्या अंतर्गत कामासाठी एक नमुना नियमावली काढावी आणि तीत आवाजाची व बिनआवाजाची कामे वेगळी दाखवावीत, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी थांबण्याची मात्र गरज नाही. सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि कामाच्या वेळांचा नियम जर सभेनेच केलेला असेल तर तो सभेतच बदलता येतो. रविवारी सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात, मालक स्वतः हजर असताना, यंत्र आणि हातोडा न वापरता करायच्या कामांना परवानगी असावी, एवढा साधा ठराव मी आमच्या सचिवांकडे लेखी दिला आहे. आमचे काम तोपर्यंत बहुधा संपलेले असेल. पण आमच्याच जिन्यातील तिसऱ्या मजल्यावरचे घर नुकतेच विकले गेले आहे आणि घेणारे दोघेही नोकरी करणारे आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई