शिवणक्लासच्या मॅडमना मनापासून थँक्यू

नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. काम देतो म्हणून ओळखीच्याच माणसाने मला पुण्याला नेलं आणि तिथं विकलं. पोलिसांनी सोडवलं, त्या दिवशी स्वतःची ओढणी माझ्या अंगावर टाकणाऱ्या कॉन्स्टेबल ताईंचे पण आभार. (कुणावर अशी वेळ आली तर 181 ला फोन करा, मुलगी लहान असेल तर 1098.)

नंतर सांगलीत मावशीकडे आले. शिकायचं होतं पण चार माणसांत बसायची भीती वाटायची. विश्रामबागच्या क्लासमध्ये मॅडमनी काहीच विचारलं नाही, मागून कोण आलं की मी दचकते एवढं मात्र बघितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी माझी मशीन अशी फिरवून ठेवली की पाठीला भिंत आणि समोर दार, आणि त्याबद्दल एक शब्द नाही. कटोरी ब्लाऊजला माझ्या चुण्याच पडायच्या तर घरून जुन्या साड्या आणून त्यावर कापायला लावायच्या, उसवायला शेजारी बसायच्या, आवाज कधी चढवला नाही. फी पण काम मिळाल्यावर घेतली.

आता गणपती पेठेतल्या दुकानाचं फॉल-पिको आणि ब्लाऊजचं काम येतं, लग्नसराईत तर जेवायला फुरसत नसते. मॅडम, पहिल्या कमाईतली साडी तुम्ही घेतली नाही, हे आभार तरी घ्याच.